ताट आणि नरोटी : उसन्या पात्रांचा दृष्टिकोन

पुराणातील एखाद्या पात्राच्या तोंडी ‘मी’ घातला की त्या पात्राला न्याय मिळाला, असे मानण्याची सवय मराठी वाचकाला 1959 साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाल्यापासून लागली आणि 1967 च्या ‘मृत्युंजय’ने ती पक्की केली. वाचकाची सवय हा तक्रारीचा विषय होऊ शकत नाही. तक्रार आहे ती समीक्षेविषयी; कारण तिनेही ‘दृष्टिकोन’ हा शब्द तंत्राच्या खात्यातून काढून न्यायाच्या खात्यात टाकला आणि पुढे त्या खात्याची तपासणी केली नाही. मूळ संहितेने ज्याला बोलू दिले नाही त्याला बोलू देणे हीच जणू एक पुरेशी नैतिक कृती आहे; मग तो काय बोलतो, कोणाविषयी बोलतो आणि त्याच्या बोलण्यात आणखी कोणाचा आवाज बुडतो, हे विचारण्याचे कारण उरत नाही, अशी ही भूमिका आहे. ती तपासली की टिकत नाही. उसन्या पात्रावर लिहिणाऱ्याला दृष्टिकोन फुकट मिळत नसतो. त्या पात्राच्या नावावर मूळ संहितेत जे जमा आहे आणि जे खर्ची पडले आहे, ते दोन्ही त्याला पत्करावे लागते.

याच्या उलट बाजूचा एक आक्षेप आहे, त्याच्याजवळ फार वेळ थांबण्याचे कारण नाही. उसने पात्र म्हणजे प्रतिभेचे दारिद्र्य, असे म्हणणाऱ्याला मराठी कवितेची पहिली काही शतके पुसून टाकावी लागतील. नरेंद्राची रुक्मिणी उसनी, भास्करभट्टांचा शिशुपाल उसना, श्रीधराचे पांडव उसने. मोरोपंतांनी तर एकाच उसन्या कथेवर शंभराहून अधिक रामायणे रचली. संस्कृत साहित्यशास्त्राने अशा मूळ ग्रंथाला ‘उपजीव्य’ म्हटले, आणि त्या शब्दात हिणवणे नाही. आज ज्याला फॅन फिक्शन म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने घडवलेली पात्रे आणि त्यांचे जग गृहीत धरून एखाद्या चाहत्याने लिहिलेली कथा, तिच्याकडे प्राध्यापकी नाक मुरडले जाते. पण तिच्यात आणि पौराणिक कादंबरीत फरक असलाच तर तो प्रतिष्ठेचा आहे, व्यापाराचा नाही. दोन्हींचा वाचक पात्राला आधीच ओळखत असतो. दोन्हींत व्यक्तिचित्रण शून्यातून उभे राहत नाही, वाचकाच्या स्मरणातील एका चित्रावर दुसरे चित्र ठेवले जाते. आणि दोन्हींत लेखकाचे कर्तृत्व त्या दोन चित्रांमधील अंतरात असते. ते अंतर प्रामाणिक आहे की लपवलेले, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी मराठीत एक शब्द चारशे वर्षांपासून पडून आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताने भरलेल्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. ही ताकीद देणारे एकनाथ स्वतः मात्र रामकथेवर ‘भावार्थरामायण’ लिहीत होते. ते युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत आले आणि पुढचा भाग गावबाने पुरा केला, अशी परंपरा आहे. वरवर पाहता येथे विसंगती दिसते. वस्तुतः ती नाही. ज्ञानेश्वरांचे शब्द ज्ञानेश्वरांचेच राहिले पाहिजेत, पण राम कोणा एकाचा नाही. संहिता बंद आणि पात्र खुले, हा भेद एकनाथांनी कृतीने दाखवला. स्वतःची नरोटी वेगळ्या पानावर ठेवायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती ताटातील अमृत म्हणून ती खपवायला.

हा शब्द इरावती कर्वे यांनी उचलला. ‘युगान्त’ 1967 चेच पुस्तक. त्यातील द्रौपदीवरील लेखात महाप्रस्थानाच्या वाटेवर पडलेल्या द्रौपदीचे शेवटचे क्षण त्यांनी रंगवले आहेत. ते महाभारतात नाहीत. पण त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी त्या थांबतात आणि सांगतात की येथपर्यंतचे सारे महाभारताच्या संशोधित आवृत्तीवर आधारलेले होते, येथून पुढची ही आपली नरोटी. एवढे सांगितल्याने त्या प्रसंगाचे बळ कमी होत नाही, उलट वाढते. वाचकाला ताट कोठे संपते ते दिसते, म्हणून करवंटीत काय आहे तेही दिसते. द्रौपदीच्या अखेरच्या जाणिवेत भीमाला जे स्थान मिळते ते कर्वे यांनी दिलेले आहे, व्यासांनी नव्हे. ते पटले नाही तर वाचक त्यांच्याशी भांडू शकतो. भांडण्याची जागा त्यांनी राखून ठेवली आहे.

‘मृत्युंजय’ ही जागा ठेवत नाही. ही कादंबरी नऊ भागांची आणि सहा निवेदकांची आहे : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि अखेरीस श्रीकृष्ण. सहा निवेदक म्हणजे सहा दृष्टिकोन, असे समीकरण मांडून या कादंबरीच्या रचनेचे कौतुक होत आले आहे. परंतु या सहांपैकी कोण कोणाकडे पाहतो? कुंती कर्णाकडे पाहते, दुर्योधन कर्णाला तोलतो, वृषाली आणि शोण यांना कर्णावाचून दुसरे जग जवळजवळ नाही, कृष्ण कर्णाला निरोप देतो, आणि कर्ण स्वतःकडे पाहतो. हे सहा दृष्टिकोन नव्हेत. एकाच मूर्तीभोवती लावलेल्या या सहा समया आहेत. दृष्टिकोनांच्या बहुलतेचा अर्थ कादंबरीच्या तंत्रात असा असतो की एकाला जे दिसते ते दुसऱ्याच्या दिसण्याने कोठेतरी खोडले जावे, निदान चिरले जावे. येथे दुसऱ्याचे निवेदन पहिल्यावर शिक्कामोर्तब करते. भाषाही तीच राहते : तेच उपमांचे ओघ, तेच सूर्य आणि तेजाचे रूपक. निवेदक बदलला हे प्रकरणाच्या मथळ्यावरून कळते, वाक्यावरून कळत नाही.

आणि या साक्षीदारांच्या यादीत एक नाव नाही. द्रौपदीला ‘मी’ नाही. दोन स्त्रिया बोलतात, त्या कर्णाची आई आणि कर्णाची पत्नी. द्यूतसभेत जिचा अपराध झाला ती मात्र इतरांच्या कथनातील एक आकृती म्हणून येते. ज्या खटल्यात आरोपी, त्याची आई, पत्नी, भाऊ, मित्र आणि शेवटी साक्षात देव यांची साक्ष होते आणि फिर्यादीला बोलावणेच जात नाही, त्या खटल्याच्या निकालाला ‘न्याय’ म्हणण्याचा आग्रह मराठी समीक्षेने सोडावा.

यावर असे म्हटले जाईल की कादंबरी म्हणजे खटला नव्हे आणि एका पात्राची बाजू घेण्याचा तिला अधिकार आहे. तो आहेच. पण बाजू घेणे वेगळे आणि बाजूच्या सोयीने पुरावा मांडणे वेगळे. येथे पुण्यातच झालेल्या एका कामाचा निर्देश करावा लागतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुकथनकर यांनी संपादिलेले आदिपर्व 1933 मध्येच पुरे झाले होते. त्या आदिपर्वात, भर स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूत म्हणून नाकारते, हे वाक्य स्वीकृत संहितेत नाही. काही थोड्या हस्तलिखितांतील भर म्हणून ते खालच्या टिपांत गेले आहे. संहितेतील कर्ण इतर राजांसारखाच त्या धनुष्यापुढे अपेशी ठरतो. उलट सभापर्वात, जे फ्रँकलिन एजर्टन यांच्या संपादनाखाली 1944 मध्ये आले, कर्णाचे भाषण पूर्ण संहितेत आहे. विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलतो त्याला कर्ण उत्तर देतो. पाच पतींची स्त्री म्हणून तिला तो कुलटा ठरवतो आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगतो. थोडक्यात, कर्णाला झालेला अपमान टिपेत आहे आणि कर्णाने केलेला अपराध संहितेत आहे.

पौराणिक कादंबरीने हा क्रम उलटा केला. स्वयंवरातील नकार हा तिच्या कर्णाच्या मनोरचनेचा गाभा झाला, आणि सभेतील शब्द त्या जखमेतून उसळलेला एक क्षण झाला. कर्ण सभेत बोलतो तेव्हा वाचकाला त्या जखमेच्या वाटेने इतके फिरवून आणलेले असते, की ते शब्द द्रौपदीला कसे लागले असतील याच्याऐवजी ते उच्चारताना कर्णाला काय यातना झाल्या असतील, याचीच त्याला काळजी वाटू लागते. प्रथमपुरुषी निवेदनाची ही जुनी करामत आहे. ज्याच्या डोळ्यांतून पाहावे त्याचेच अश्रू दिसतात. रणजित देसाई यांचा ‘राधेय’ 1973 मध्ये आला, त्याचाही जीव याच सहानुभूतीत आहे. तेथे ती अधिक हळुवार आहे इतकेच.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागते, नाहीतर हे सारे पाठचिकित्सेच्या नावाखाली केलेले सोवळे ठरेल. टिपेत गेलेले ते वाक्यही कोणीतरी लिहिलेलेच आहे. कोणा अज्ञात लेखनिकाला किंवा कथेकऱ्याला कर्ण अपेशी ठरणे सहन झाले नसावे. तो नेम साधू शकला असता, पण त्याला साधू दिला नाही, असे घडायला हवे होते अशी ओढ त्या वाक्यामागे दिसते. त्याने ते घडवले. म्हणजे कर्णाचा पहिला चाहता लेखक कोल्हापूरचा किंवा कोवाडचा नव्हता. तो कित्येक शतकांपूर्वीचा पोथी लिहिणारा होता. संशोधित आवृत्तीच्या पानांखाली बारीक अक्षरांत जे साठले आहे ते या देशातील फॅन फिक्शनचे सर्वांत मोठे भांडार आहे असे म्हटले तर सुकथनकरांना ते रुचले नसते, पण खोटेही ठरले नसते. तेव्हा आक्षेप भर घालण्याला नाही. आक्षेप असा की 1967 च्या लेखकाच्या हाताशी ताट आणि नरोटी यांतील रेषा छापील स्वरूपात होती आणि त्याने ती पुसली, तर त्याच वर्षी कर्वे यांनी ती गिरवली.

शिवाय पौराणिक कादंबरीने जे टाळले ते मुळात किती धारदार आहे! उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगून पांडवांकडे बोलावतो. त्या संवादात कर्ण कबूल करतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कडू बोललो आणि त्याचा आपल्याला आता ताप होतो. येथे कोठेही जखमी प्रेमिक नाही. ज्याच्या अन्नावर आपण उभे आहोत त्याला खूष करण्यासाठी एका असहाय माणसाला शब्दांनी मारणे, हे आश्रिताचे पाप आहे, आणि ते स्वयंवराच्या अपमानापेक्षा कितीतरी अधिक ओळखीचे आहे. कचेरीत, वाड्यात, संस्थेत ते रोज घडते. आणखी एक टोचणारी गोष्ट अशी की त्या कबुलीत पांडवांचे नाव आहे, द्रौपदीचे नाही. पश्चात्तापातसुद्धा कर्णाला ती आठवत नाही. एखाद्या कादंबरीकाराने कर्णाला ‘मी’ देऊन त्याच्या आठवणीतील या भोकाभोवती कादंबरी लिहिली असती, तर तो दृष्टिकोनाचा खरा उपयोग झाला असता.

कर्णाच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद सामाजिक आहे. कर्ण हा जन्मावरून डावललेल्यांचा प्रतिनिधी आहे आणि त्याचा ‘मी’ हा त्या सर्वांचा ‘मी’ आहे, असे असंख्य वाचकांना मनापासून वाटले. त्या वाटण्याचा अवमान करण्याचे कारण नाही. पण कादंबरी त्या वाटण्याशी इमान राखते काय? तिच्यातील कर्ण तेजस्वी आहे तो त्याच्या अंगावरील कवचकुंडलांमुळे, म्हणजे जन्मामुळे. सूताच्या घरात वाढूनही त्याचे वेगळेपण झाकत नाही, असेच ती पानोपानी सुचवते. हा जातिव्यवस्थेवरील प्रहार नव्हे, रक्ताच्या श्रेष्ठतेचा तो पुरावा झाला. खरे सूत या कादंबरीत दोन निवेदकांच्या रूपाने हजर आहेत : शोण आणि वृषाली. त्यांना ‘मी’ मिळालेला आहे. मात्र रथ हाकणाऱ्याच्या घरातील रोजचे जिणे, घोड्यांच्या पागेतील काम, राजवाड्याच्या दारात उभे राहण्याची रीत, हे सांगायला त्यांना उसंत नाही. शोण भावाच्या कुंडलांकडे पाहण्यात गढलेला आहे. ज्यांना खरोखर आवाज नव्हता त्यांना आवाज देऊन त्यांच्याकडून पुन्हा राजपुत्राचेच स्तोत्र म्हणवून घ्यावे, यातील विसंगती समीक्षेच्या नजरेतून इतकी वर्षे कशी सुटली हे कोडेच आहे.

खांडेकरांच्या ‘ययाति’त दोष वेगळ्या दिशेचा आहे. तेथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत, म्हणजे प्रतिपक्षालाही ‘मी’ मिळाला आहे. पण कसा? मूळ कथेत भांडणाच्या भरात देवयानीला विहिरीत लोटणारी शर्मिष्ठा येथे त्यागाची आणि सोशिक प्रेमाची मूर्ती होते. आणि जिला लोटले ती देवयानी स्वतःच्याच तोंडाने आपला अहंकार उघडा करीत जाते. तिला बोलायला उभे केले आहे ते कबुलीजबाबासाठी. लेखकाचा निकाल आधी ठरलेला आहे आणि निवेदनाची तीन खाती त्याप्रमाणे वाटलेली आहेत. ज्या कचाच्या हाती खांडेकरांनी नैतिक निकष दिला त्याला मात्र निवेदक केलेले नाही, हेही सूचक आहे. आदर्श पात्राला ‘मी’ म्हणायला लावले की त्याचा आदर्शपणा क्षणात पोकळ वाटू लागतो, हे खांडेकरांच्या कारागिरीने अचूक ओळखले होते. सावंतांनी तो धोका पत्करला आणि त्यांचा कर्ण स्वतःच्या थोरवीचा निवेदक होऊन बसला.

प्रथमपुरुषी निवेदन कसे वापरता येते याचा धडा मराठीला बाहेरून आणायचा नव्हता. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. त्यातील यमूचा ‘मी’ एका पुरुषाने लिहिलेला असूनही टिकला, कारण यमूला फार थोडे कळते. तिच्या आजूबाजूला जे घडते त्याचा पूर्ण अर्थ तिच्याआधी वाचकाला लागतो, आणि त्या अंतरात कादंबरीची सारी करुणा आहे. पौराणिक कादंबरीतील ‘मी’ला आपण पुराणात आहोत हे ठाऊक असते. आपल्यावर अन्याय झाला, आपले नाव राहील, आपल्यावर कोणीतरी कादंबरी लिहील, अशा खात्रीने तो बोलतो. अशा बोलण्याने वाचकाला शोधण्यासारखे काही उरत नाही.

याच काळात परदेशातील निव्वळ हौशी चाहत्यांनी जे केले ते पाहिले की मराठी समीक्षेची ढिलाई अधिकच डोळ्यांत भरते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतील पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या मजकुराचे ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक निघाले तेही 1967 सालीच. सहाच वर्षांत त्या लेखनात एक रोग बळावला : सर्वांत तरुण, सर्वांत सुंदर, सर्वांत गुणी अशी नवी नायिका येते, सारी जुनी पात्रे तिच्यावर लुब्ध होतात आणि ती मरते तेव्हा सारे जहाज रडते. 1973 मध्ये पॉला स्मिथ या चाहतीनेच त्या रोगाची टर उडवणारी एक चिमुकली विडंबनकथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव मेरी स्यू. तेव्हापासून ‘मेरी स्यू’ ही समीक्षेची संज्ञा झाली : लेखकाच्या लाडामुळे इतर सर्व पात्रांचे व्यक्तिमत्त्व शोषून घेणारे पात्र. ‘राधेय’ही 1973 चाच. ज्यांच्या लेखनाला साहित्य म्हणायला कोणी तयार नव्हते त्या हौशी मंडळींनी आपल्याच अतिरेकाला नाव दिले. इकडे पुरस्कार, परीक्षणे आणि अभ्यासक्रम यांनी वेढलेल्या कादंबरीतील तोच अतिरेक ‘भव्योदात्त’ या विशेषणाखाली झाकला गेला. वास्तविक आपल्याकडे शब्दांची वाण नव्हती. रामायणासारख्या, ज्यांचा रस लोकांच्या मनात सिद्ध झालेला आहे अशा कथांना आपल्या लहरीप्रमाणे वाकवू नये, आणि पात्राच्या प्रकृतीशी विसंगत असे त्याच्याकडून करवू नये, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले आहे. औचित्याची ही चर्चा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत राहिली.

कालिदासाने तरी काय केले, असा प्रतिप्रश्न येथे हमखास होतो. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून त्याला निर्दोष केले. हेही धुऊन काढणेच झाले. होय, झाले. पण कालिदास त्या सफेदीची किंमत घेतो. अंगठी सापडल्यावर सहाव्या अंकातील राजाला शाप माहीत नसतो. त्याच्यापुरता अपराध त्याचाच असतो आणि त्या अपराधासह तो जगतो. आणि ज्या सभेत त्याने नाकारले त्या सभेत शकुंतलेला कालिदास गप्प बसवत नाही. ती राजाला तोंडावर अनार्य म्हणते. अपराधी कोण, यापेक्षा जिचा अपराध झाला तिला रंगमंचावर किती जागा मिळाली, हा निकष अधिक खरा आहे. जीन र्‍हिस यांची 1966 ची ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरीही त्याला उतरते. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेली वेडी बायको हिला त्यांनी ‘मी’ दिला. पण कादंबरीचा मोठा भाग तिला कोंडणाऱ्या नवऱ्याच्या ‘मी’कडे सोपवला. घराला आग लागायची ती लागणारच आहे. र्‍हिस ती विझवत नाहीत, तिच्याकडे जाणारी वाट दाखवतात.

मराठी लोकपरंपरेतही हे भान होते. द्रौपदीच्या मनात कर्ण होता, ही कल्पना जांभूळ आख्यानाने रंगवली आणि विठ्ठल उमप यांनी ते आख्यान शहरी रंगमंचावर नेऊन पोहोचवले. आजच्या चाहत्यांच्या भाषेत सांगायचे तर ही निखळ जोडीकथा आहे. परंतु लोककथेतील ती द्रौपदी चोरून झुरत नाही. झाडावरून उतरलेले जांभूळ पुन्हा देठाला लागायचे असेल तर प्रत्येकाने मनातले बोलले पाहिजे, अशा पेचात ती सापडते आणि पाच पतींच्या देखत तिला ते बोलावे लागते. पात्राच्या मनात नवे काही घालायचे तर त्याचा चारचौघांत उच्चार झाला पाहिजे आणि त्याची लाज पात्रानेच सोसली पाहिजे, ही अट त्या कथेने स्वतःवर घालून घेतली आहे.

ही अट याहूनही सहजपणे जेथे पाळली गेली ती जागा कादंबऱ्यांच्या कपाटात नाही. मावळातील लोकांनी पांडवांना आपल्या डोंगरांत केव्हाच वस्तीला आणले आहे. कार्ल्याच्या एकवीरेचे देऊळ त्यांनी वनवासात एका रात्रीत बांधले, असे तेथे सांगतात. पण कामशेतच्या अलीकडे-पलीकडे, आज धरणाच्या नावामुळे ठाऊक असलेल्या वडिवळ्यासारख्या गावांतून, नाणे मावळातून, पवन मावळातून आणि शेजारच्या मुळशीतून पहाटेच्या जात्यावर जी वस्तीला होती ती सीता. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी 1980 नंतरच्या काळात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. विजेच्या गिरण्यांनी जाती थांबत आली होती तेव्हा हे काम झाले. प्वातवँ 2004 मध्ये आणि राईरकर 2010 मध्ये निवर्तल्या. त्या संग्रहाचा लोकसाहित्य म्हणून गौरव पुष्कळ झाला; निवेदनाच्या अभ्यासकांनी मात्र तो उघडलेला दिसत नाही.

त्यांनी तो उघडावा. या ओव्यांतील सीता वाल्मीकीची नाही. कैकेयी येथे अयोध्येची राणी कमी आणि सुनेला छळणारी सासू अधिक आहे. ती सीतेकडून रावणाचे चित्र काढवून घेते आणि त्या चित्राच्या आधारे तिच्यावर बालंट आणते. वनात सीता एकटी रडते तेव्हा तिची समजूत घालायला कोणी ऋषी येत नाही, बोरी आणि बाभळी बायका होऊन येतात. ही सारी भर आहे. निःसंशय नरोटी आहे. आणि तरीही दळणारी बाई एकदाही ‘मी सीता’ म्हणत नाही. हाच तो निवेदनातील मुद्दा, जो साठ वर्षांच्या पौराणिक कादंबरीच्या हाती लागला नाही. ओवीत सीतेला ‘सीताबाई’ म्हणतात, जशी शेजारच्या आळीतील बाई. ‘मी’ असतो तो दळणारीचा स्वतःचा : तिच्या सासरचा, तिच्या भावाचा, तिच्या हाताला लागणाऱ्या खुंट्याचा. एका ओवीत सीतेचे दुःख, पुढच्या ओवीत आपले. दोन्हींत जात्याचा फेरा तेवढा सामाईक. सीतेच्या अंगात शिरून तिच्या वतीने बोलण्याऐवजी ही बाई तिच्याशेजारी बसते.

शेजारी बसल्यामुळे तिला रामाला माफ करावे लागत नाही आणि सीतेला देवीही करावे लागत नाही. रामाने सोडले हे ती गाळत नाही, त्याला शाप किंवा सबब शोधत नाही, कारण ज्याचे समर्थन करायचे असा तिचा कोणी नायकच नाही. रामाचे नाव घेऊनच तिचे दळण सुरू होते, आणि त्याच दळणात रामाने काय केले तेही येते. देवाविषयीची भक्ती आणि नवऱ्याविषयीचा निवाडा ही दोन्ही ती एका सुपात ठेवते, आणि सुपात ती एकमेकांशी भांडतात तर भांडू देते. व्यक्तिचित्रणातील ज्या गुंतागुंतीसाठी कादंबरीकाराला सहा निवेदक लागले आणि तरी ती साधली नाही, ती येथे दोन ओळींच्या रचनेत आहे. त्यासाठी दळणारीने कोणाचाही आवाज उसना घेतलेला नाही. पात्र घेतले आहे, आवाज आपलाच ठेवला आहे.

यातील एक कल्पना अनेक गावांतून थोड्याफार फरकाने ऐकू आलेली आहे. सीतेचा सासुरवास एवढा होता की तो तिच्या एकटीच्याने संपेना. तेव्हा तिने तो वाटून टाकला, मूठमूठ, देशोदेशीच्या बायकांना. गाणारी आपल्या वाट्याची मूठ मोजून घेते, कोणी दिली ते नाव घेऊन सांगते, आणि पुढचा घास जात्यात टाकते.